सांगून विकलेली गाडी

"काका, या बॉनेटमध्ये बघून गिऱ्हाइकाची दाढी करता येईल!" सलूनवाला म्हणाला आणि स्वतःच मोठ्याने हसला. गाडीभोवती त्याच्या फेऱ्या चालूच होत्या. त्याची बायको जरा लांब उभी होती. त्यांची चिमुकली ठकी मागच्या दाराच्या हँडलला लोंबकळत होती.

चष्मेवाला कसनुसा हसला. गाडी त्याने सकाळीच पुसून लख्ख केली होती. जुनी असली तरी बड्या घरची गाडी ती. चामड्याच्या सीटा, लाकडी पट्टीचा डॅशबोर्ड.

"आता खरं सांगा. खोट काय आहे हिच्यात? असली राजेशाही गाडी कोणी उगाच काढत नाही."

चष्मेवाल्याने वर पाहिलं. गॅलरीत त्याची बायको कपडे वाळत घालत होती. सकाळी ती एवढंच म्हणाली होती, "तेवढं सांगून टाका. मग घेवोत न घेवोत."

"एसी गार व्हायला वेळ लागतो," तो म्हणाला. "मागची डावी काच अडकते, हाताने ढकलावी लागते. पाऊस लागला की डिकीत पाणी झिरपतं. आणि पेट्रोल पिते, तेही सांगतो."

"आणि?"

गेल्या महिन्यात गॅरेजवाल्याने स्टिअरिंगवरचं झाकण उघडून दाखवलं होतं. आत एअरबॅग नव्हती. शेजारच्या सीटसमोरही नव्हती. कधीतरी जबरदस्त ठोकर बसून दोन्ही फुटल्या होत्या, आणि कुणीतरी नुसती झाकणं बसवून, डॅशबोर्डवरचा धोक्याचा दिवा बंद करून गाडी विकली होती. चष्मेवाल्याला. त्या दिवसापासून त्याने बायकोला या गाडीत बसू दिलं नव्हतं.

"आणि काही नाही," तो म्हणाला.

सलूनवाला बायकोकडे वळला. "बघ! स्वतःच्या गाडीचं आजकाल एवढं कोण सांगतं? माणूस सरळ आहे."

ती पहिल्यांदाच मोकळं हसली. "आम्हाला गाडीतलं काही कळत नाही हो, काका. तुमच्या शब्दावर घेतोय."

बॉनेटवरच सह्या झाल्या. चष्मेवाल्याने किल्ली दिली. ती त्याच्या घामाने ओली झाली होती. सलूनवाल्याने ती आपल्या शर्टाला पुसली आणि स्टिअरिंगवर जाऊन बसला. बायको शेजारी बसली आणि तिने ठकीला मांडीवर ओढलं.

"तिला मागे बसवा!"

आवाज नको इतका चढला होता. दोघंही त्याच्याकडे बघू लागले.

"म्हणजे... लहान मुलांना मागेच बसवावं. बरं असतं."

"ऐकलंस ना? काका रागावले बघ," म्हणत आईने ठकीला मागे बसवलं.

गाडी निघाली. फाटक उघडेपर्यंत थांबली, तेवढ्यात ठकी दोन सीटांच्या मधून सरपटत पुन्हा आईच्या मांडीवर आली आणि दोन्ही तळवे डॅशबोर्डवर टेकून उभी राहिली.

"अहो!" चष्मेवाला हात वर करून धावला. "अहो, थांबा!"

काचा बंद होत्या. सलूनवाल्याला आरशात त्याचा वर केलेला हात दिसला. त्यानेही हात हलवला आणि गाडी वळवली.

चष्मेवाल्याची बायको जिना उतरून खाली आली. रिकामी बादली अजून हातातच होती.

"सांगितलंत ना?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं."

तिने सुटकेचा श्वास सोडला. मग उघड्या फाटकाकडे बघत राहिली.

"आणि तरीही घेतली? पोरीला पुढे मांडीवर घेऊन बसली होती ती, मला वरून दिसलं." तिने मान हलवली. "सगळं माहीत असून! कसले आईबाप म्हणायचे हे?"

"हो ना," चष्मेवाला म्हणाला.