न भाजलेला पंजा

मंजुश्रीची पाठ भाजून पांढरी, कडक झाली होती. फक्त उजव्या खांद्यावर पंज्याएवढी कातडी, पाचही बोटांच्या ठशासकट, शाबूत होती.

"स्टोव्ह भडकला," सासू लातूरच्या आमच्या वॉर्डात रोज सांगायची. मग पाठच कशी भाजली, हे कुणीच विचारत नव्हतं.

"डॉक्टरबाई, दुखत न्हाई म्हणायलीय," नवरा वीरेश म्हणाला. "बरी झाली. उदगीरला नेतो."

"दुखत नाही, कारण कातडीखालच्या नसाही जळाल्यात!" मी ओरडले.

ड्रेसिंग सोडलं. खांदा आता पांढरा होता. तो न भाजलेला पंजा गळ्याशी सरकला होता. मी मोजपट्टीने मोजलं, नऊ दिवसांत नऊ सेंटिमीटर सरकला होता.

पोलिसांना दिलेल्या जबाबातही 'स्टोव्ह भडकला' एवढंच सांगितलेली मंजुश्री आता बोलली.

"ह्यांच्या आईनं धरलं, ह्यांनी पेटवलं. पोलिसांना बोलवा, बाई. मी जबाब बदलते."