गप्प कॉम्प्युटर

"सर, एवढे सगळे ओरडतायत ते काय उगाच?" प्राचार्या बाबर मॅडमनी लाल चौकटीवर बोट ठेवलं. लॅबमधल्या प्रत्येक पडद्यावर तीच चौकट होती : धोकादायक प्रोग्राम सापडला. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर निंबाळकर सरांचे नसते उद्योग चालतात, असं हेडक्लार्क जगदाळे सकाळीच त्यांच्या कानावर घालून गेले होते.

"मॅडम, कॉम्प्युटर रिकामे असतात तेव्हा हा प्रोग्राम शास्त्रज्ञांची गणितं सोडवतो. नव्या औषधांसाठी," सर कंटाळून म्हणाले. "समोर कुणी नसताना काम करतो, म्हणून अँटिव्हायरसला तो चोर वाटतो."

"मलाही वाटतो. माझ्या केबिनमध्ये चला. तिथं असलं काही नाही."

केबिनमधला पडदा खरंच शांत होता. मॅडमनी सरांकडे रोखून पाहिलं. मागोमाग आलेले जगदाळे मान डोलावत होते.

सर मात्र पडद्यापाशी वाकले. "सुट्टीत मी सगळ्याच कॉम्प्युटरवर प्रोग्राम टाकला. ह्याच्यावरही. मग हा गप्प कसा?" त्यांनी दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं. "मॅडम, ह्याचा अँटिव्हायरस कुणीतरी बंद करून ठेवलाय."

वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका ह्याच कॉम्प्युटरवर होत्या, आणि मॅडमखेरीज रोज त्यावर बसणारा माणूस एकच होता.

त्यांनी वळून पाहिलं. जगदाळे कुणी न मागितलेला चहा सांगायला लगबगीनं जिना उतरत होते.