बादलीभर पाणी

बॅटरीचा काटा उणेच्या बाजूला पडला तेव्हाच चंद्रभानने सांगितलं होतं, "भाऊसाहेब, थांबवा. पट्टा तुटला. डायनामो बंद, पंखा बंद, पानी फिरवनारा पंप बी बंद."

शेषराव थांबले नाहीत. मागे बाशिंग बांधलेला मुलगा, त्याच्या शेजारी त्याचा मामा शालिकराम, अचलपूर दोन कोसांवर आणि मुहूर्त गोरजाचा. "मामाचं शेत हे काय आलंच," म्हणत त्यांनी मोटार आणखी मैलभर रेटली. शालिकरामच्या विहिरीपाशी ती वाफेचा फवारा सोडून आपली आपणच थांबली. मे महिन्यातले चार वाजले होते.

मोटार अडतीस सालची. बारा वर्षं शेषरावांच्या गोठ्यात पडून होती, तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. लष्करात ट्रक दुरुस्त करून आलेला, अकोल्याच्या जुन्या शहरातला मिस्त्री चंद्रभान सहा महिने तिच्याखाली लोळला. वायर न् वायर नवी ओढली, इंजिन सुटं करून पुन्हा बांधलं. आज ती धावत अचलपुरात शिरली की वऱ्हाडातल्या दहा बड्या घरांतल्या पडीक मोटारी त्याच्या दारात येणार होत्या. ती शिरली नाही तर त्याचं नाव बुडणार होतं. वाटेत काही झालंच तर हाताशी असावं म्हणून जादा पट्टाही त्याने बरोबर घेतला होता.

तापलेल्या लोखंडात हात घालून त्याने तो पट्टा चढवला. मनगटावर दोन फोड आले. टोपण चिंधीने धरून उघडलं. रेडिएटर कोरडाठाक.

"एक तास हात लावाचा नाही," तो म्हणाला. "इंजिन लालबुंद हाय. थंडं होऊ द्या. मंग पानी टाकू, अर्ध्या घंट्यात अचलपूर."

शेषरावांनी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. वेळ होता. खरंच होता.

अर्धा तास गेला. पाणी काढून तरी ठेवावं म्हणून चंद्रभानने विहिरीवरची बादली उचलली.

"ठेव ते बादली," शालिकराम म्हणाला.

चंद्रभानने शेषरावांकडे पाहिलं. शेषरावांनी मुलाच्या बाशिंगाकडे.

"शुभकार्य हाय आज, चंद्रभान," ते हळूच म्हणाले. "वाद नोको. शालिकराम आनतील पानी."

त्या मोटारीतल्या एकेका नटाला चंद्रभानचा हात लागला होता. नवरदेव बसला होता ती गादीही त्यानेच ठोकली होती. तेवढं सगळं चालत होतं. छप्पन साली नागपुरात दीक्षा घेऊन सहा वर्षं झाली, तरी बादलीने काही त्याची जात सोडली नव्हती. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर मोटार होती. त्याने बादली खाली ठेवली.

"आना तुमी," तो म्हणाला. "पन आत्ता ओतू नोका. अजून अर्धा घंटा. अन् मी सांगन तसं, लोट्यालोट्यानं."

शालिकरामने बादली विसळली, मग भरली. दोनदा विसळली. भरलेली बादली घेऊन तो सरळ मोटारीकडे चालत आला, तसा चंद्रभान आडवा झाला.

"मामाजी, आत्ता नोका. फुटन ते."

"तू मले शिकवतं? सात पिढ्या पानी ओढून राहिलो आमी ह्या विहिरीचं."

शालिकरामने त्याचा स्पर्श चुकवायला बादली डोक्याच्या वर धरली, आणि वरूनच अख्खी रेडिएटरच्या तोंडात पालथी केली.

आतून टण्ण आवाज झाला. एकदाच. मग इंजिनाच्या कुशीतून पाणी गळू लागलं आणि काळ्या मातीत जिरू लागलं.

चंद्रभान खाली वाकला. वीतभर चीर होती. असं इंजिन आता नागपुरात मिळणार नव्हतं, मुंबईत मिळणार नव्हतं. सहा महिने गेले. त्याला त्या बादलीने शालिकरामचं डोकं फोडावंसं वाटलं.

"लोखंडच कच्चं," शालिकराम म्हणाला. "नाही तं ह्यानंच काही सैल ठेवलं असन."

शेषरावांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी त्यांनी विचारलं, "काय करून ठेवलं हे, चंद्रभान?"

चोर सोडून संन्याशाला फाशी.

"काय झालं ते तुमी पाह्यलं, भाऊसाहेब," चंद्रभान म्हणाला. "उद्या कोनी इचारलं तं काय सांगान?"

शेषरावांनी शालिकरामच्या गड्याला हाक मारून बैल जुंपायला सांगितले. नवरदेव मोटारीतूनच शिरला पाहिजे होता. दोरखंड बांधले गेले. शेषराव म्हणाले, "मी पोरापाशी बसतो. तू स्टेरिंगवर बस, चंद्रभान. गाडी सरळ गेली पायजे."

"नाही," चंद्रभान म्हणाला. "मामाजीले बसवा. मी चाललो."

त्याने पाने एकेक करून पिशवीत टाकले. शालिकराम अवघडून स्टेरिंगमागे बसला. बैलांनी माना खाली घालून ओढ घेतली, मोटार हलली. तेवढ्यात शेषराव खिडकीतून बाहेर वाकले.

"चंद्रभान, दिवे तरी लागतील ना? वेशीत शिरेपर्यंत अंधारते."

तो थांबला. फोड आलेला हात त्याने सदऱ्याला पुसला.

"लागतील," तो म्हणाला. "बॅटरीत पानी भरेल हाय. सकायी मीच भरलं, ह्याच हातानं. मामाजीले सांगा लावाले."