सारखी वाटणी

आईने दोन्ही मुलांत कधी डावं-उजवं केलं नव्हतं. कपडे एकाच ताग्यातले, खाऊ अर्धा अर्धा, आणि खोडी एकाने केली तरी धपाटा दोघांच्याही पाठीत.

आता दोघंही अतिदक्षता विभागात, शेजारशेजारच्या खाटांवर, न्यूमोनियाने धापा टाकत पडले होते. थोरल्याला स्टिरॉइडचं इंजेक्शन सुरू झालं आणि त्याला जरा तरतरी आली. धाकट्याला मात्र ते दिलंच नाही. आई तडक डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली.

“एकाला औषध आणि दुसऱ्याला ठेंगा? आमच्या घरात हे असलं चालत नाही.”

“काकू, थोरल्याची प्रतिकारशक्ती भडकलीय, ती स्टिरॉइडने शांत होतेय. धाकट्याची गोष्ट वेगळी. त्याला बसवलेली किडनी शरीराला परकी वाटते. शरीराने तिच्यावर उठू नये म्हणून त्याची प्रतिकारशक्ती आम्ही गोळ्यांनी आधीच दाबून ठेवलीय. आणखी दाबली, तर न्यूमोनियाशी लढणार कोण?”

आईने आळीपाळीने दोन्ही खाटांकडे पाहिलं. तिला काही ते पटलेलं दिसलं नाही.



“परकी कशी?” ती म्हणाली. “थोरल्याकडे दोन होत्या. दोघांना एकेक मीच वाटून दिली.”