कापूसचा कान

फौजदारनं झेप घेतली तेव्हा काचेचं टेबल आडवं झालं आणि सोडवायला गेलेल्या मुलाच्या मनगटातून रक्ताची धार लागली. नवं पिल्लू सोफ्याखाली शिरलं. ओळखीचा कार्यक्रम संपला.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, दोघांना आधी घराबाहेर भेटवा म्हणून?" मुलगा मनगट दाबत म्हणाला.

"बाहेर ऊन होतं," सून म्हणाली.

फौजदार हा सासऱ्यांचा कुत्रा. थोराड, तापट, घरातला जुना. कापूस म्हणजे सुनेनं आणलेलं पांढरं पिल्लू. फौजदारच्या नावावर आधीचे गुन्हे होतेच. तो सासऱ्यांच्या पलंगावर झोपायचा. सासूबाई बाहेर सोफ्यावर. कंबरेला सोफाच बरा, असं त्या म्हणत. गेल्या वर्षी त्यानं त्यांच्या कवळीचा चावून चुरा केला. सासरे पोट धरधरून हसले. नवी कवळी आल्यावर सासूबाईही हसल्या.

आता दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवलं. एकाचा टॉवेल दुसऱ्याला हुंगायला द्यायचा, मधलं दार रोज थोडं किलकिलं करायचं, असा डॉक्टरांचा अभ्यासक्रम होता. आठवडाभर बरं चाललं. मग एका दुपारी सासूबाईंची किंकाळी आली. कापूसची मांडी फाटली होती. मधलं दार सताड उघडं आणि फौजदार शेजारी उभा राहून जखम चाटत होता.

"चव घेतोय मेला!" सुनेनं झाडूचा दांडा त्याच्या पाठीत मोडला.

"अगं, मारू नकोस मुक्या जिवाला," सासूबाई मध्ये पडल्या. "आपली जागा जाईल या भीतीनं माणूससुद्धा चावेल. हा तर कुत्रा."

फौजदारच्या तोंडाला जाळी बसवली. पुढच्या आठवड्यात पुन्हा किंकाळी. कापूसच्या मानेवर दातांची महिरप उमटली होती. जाळी जमिनीवर, बकल सुटलेलं.

"पंजानं काढली असेल," मुलगा म्हणाला. तो इंजिनिअर होता.

आणि रविवारी सकाळी कान. या वेळी किंकाळी कापूसचीच होती. अर्धा कान लोंबत होता, भिंतीवर पार कॅलेंडरपर्यंत रक्ताचे शिंतोडे.

"बाबा, आता तो तरी राहील, नाहीतर मी," सून म्हणाली.

सासरे फौजदारच्या कपाळावरून हात फिरवत राहिले.

"बोलवा डॉक्टरांना," अखेर ते म्हणाले. "पण शेवटची सुई माझ्यासमोर द्या."

डॉक्टर आले. कान शिवायचा, तर कापूस सापडेना. शेवटी सापडला तो फौजदारच्या पोटाशी, गोचिडासारखा चिकटलेला.

"भीतीनं डोकं फिरलंय त्याचं," सून म्हणाली.

सासूबाई कोपऱ्यात तोंडावर रुमाल दाबून बसल्या होत्या. सकाळपासून पोटात चहाचा घोट नाही की तोंडातून शब्द नाही. सासऱ्यांना भरून आलं.

"फौजदारवर तुझा एवढा जीव होता, मला माहीत नव्हतं गं."

सासूबाईंनी नुसती मान हलवली.

डॉक्टरांनी फौजदारची सुई भरून बाजूला ठेवली आणि आधी कान हातात घेतला. जखम धुताना चिमट्याला काहीतरी कडक लागलं. त्यांनी ते ओढून काढलं. दात होता.

डॉक्टर फौजदारपुढे उकिडवे बसले. "तोंड उघड, राजा."

फौजदारनं आज्ञाधारकपणे जबडा वासला. पिवळे, झिजलेले, पण सगळे दात जागच्या जागी होते.

डॉक्टरांनी चिमट्यातला दात पुसून उजेडात धरला. पांढराशुभ्र. मुळाशी गुलाबी प्लास्टिकचा तुकडा.

सासऱ्यांनी त्या दाताकडे पाहिलं. मग सावकाश कोपऱ्यातल्या रुमालाकडे वळले.

"आता तू उघड."