पुढचं चाक

नवाबाच्या मेजवानीला जायच्या दिवशीच मोटारीच्या चाकांचे हब गंजलेले दिसले, म्हणून काचीगुड्याचे वकील त्र्यंबकराव यांनी ड्रायव्हर यल्लय्याला अंगणातच चाबकाने फोडून काढलं.

“रंग देऊन ठेव. संध्याकाळी मीच चालवणार,” असं म्हणून ते आत गेले.

सोलवटलेल्या पाठीने यल्लय्याने एकेक चाक उतरवलं, तारेच्या ब्रशने गंज खरवडला आणि हबना काळा रंग दिला. चाकं परत चढवताना मात्र पुढच्या एका चाकाचे नट त्याने नुसते बोटांनी फिरवून सोडून दिले. वळून पाहतो तर मागे वकिलांची बायको, सुभद्राबाई. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

“माफ करा अम्मा,” तो हात जोडून म्हणाला. “अब्बीच कसतो. साहेबांना बोलू नका.”

सुभद्राबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. ओठ फाटला होता, एक डोळा सुजून मिटला होता.

“मलाही नेणार होते. आता म्हणतात, हे तोंड घेऊन येऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “पाना दे इकडे.”

त्याने पाना दिला. बाईंनी तो लुगड्याच्या ओच्यात खोचला आणि आत जाऊन नवऱ्याला सांगितलं, “मोटार तयार आहे.”