गोळी कुणाची

संस्थान विलीन झालं, तरी सरदार यज्ञेश्वररावांच्या शिकारीत जुनाच रिवाज होता. ज्याची गोळी लागेल, कातडं त्याचं. भैरवगढपलीकडे बिबट्याच्या हाक्यात उंच गवत हललं, तेव्हा सासरे-जावयांनी एकदमच बार काढले. हालचाल थांबली.

"माझी लागली, मामासाहेब," माधवराव म्हणाले.

"जावईबापू, तुमची तीनशे पंधराची गोळी जड. लांब गेली की खाली बसते. आमची थ्री नॉट थ्री हलकी, पण वेगाची. सरळ जाते."

"जड आहे म्हणूनच गवतात भरकटत नाही."

तेवढ्यात हाकारे धावत आले. "हुजूर, तेंदुआ नहीं है. अपना हाँकेवाला नंदराम पड़ा है. साँस नहीं चल रही."

पूर्वी असली प्रकरणं सरदारांच्या ओसरीवरच मिटत. आता ठाणेदार नव्या सरकारचा होता. "गोली किसकी लगी?" त्यानं विचारलं.

आपली गोळी वाटेतच खाली बसली असेल, बसलीच असेल, असं माधवराव मनात घोकत राहिले.

सासऱ्यांनी मायेनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"हमारे जमाईराजा सही कह रहे थे, साहब. शिकार इन्हीं की है."